मणीवहिनींचा हिरवा पडदा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक खोली दिसते. डाव्या हाताला खिडकी, आणि त्या खिडकीतून न विचारता आत डोकावणारी, जांभळ्या फुलांनी लगडलेली वेल. उजव्या हाताला शेगडी, शेगडीवर तळ काळा पडलेलं मोठं पातेलं. मधोमध जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली. खाली सांडलेला मणी दिसावा म्हणून चादर पांढरीच हवी. चादरीवर पाय दुमडून एक बाई बसली आहे. ओठांत सुई, मांडीवर मण्यांची ताटली. ओठांत सुई धरून ही बाई बोलते, हसते, नवऱ्याला रागावतेसुद्धा, पण सुई हलत नाही.

ऋतू हिवाळ्याचा आहे. पण प्रेक्षकहो, शाली शोधू नका. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे उकाड्याने घेतलेली किरकोळ रजा. पहाटे थोडं धुकं, पानांवर दव, आणि उन्हं वर आली की पुन्हा पंखा. झाडं तर या दिवसांतच फुलायचा हट्ट धरतात. फुलपाखरं घरात शिरतात. आणि याच दिवसांत आमच्या प्रार्थनाघराचा मोठा सण येतो.

ही बाई म्हणजे आमच्या मणीवहिनी. मी नाटक कंपनीत राण्या रंगवत होते तेव्हा माझ्या राणीपणाचं अर्धं श्रेय यांच्या सुईचं होतं. मुकुट यांचा, कंबरपट्टा यांचा, शेल्याची किनार यांची. मी फक्त आत उभी राहायची. अजूनही त्या मला राणीसाहेब म्हणतात, आणि अजूनही मला ते आवडतं.

त्यांचे यजमान आमच्या कंपनीत पडदा ओढायचे. नाव दोरीभाऊ. या माणसाचा हात घड्याळापेक्षा पक्का. एका खेळात मी शेवटच्या प्रवेशात विष पिऊन मेले. रीतसर मेले. नायक माझ्या उशाशी हुंदके देत होता, आणि त्याच्या दाढीचा केस माझ्या नाकाला लागला. मेलेल्या राणीला शिंक आवरेना. नाकपुडी थरथरली मात्र, दोरीभाऊंनी विंगेतून ते टिपलं आणि माझी शिंक बाहेर पडायच्या आत पडदा खाली आला होता. प्रेक्षक डोळे पुसत घरी गेले. ‘वहिनी, तुमच्या नवऱ्याने आज माझी अब्रू झाकली,’ मी म्हणाले, तर सुई ओठांत धरूनच त्या म्हणाल्या, ‘तेच तर काम त्यांचं. उघडायचं केव्हा आणि झाकायचं केव्हा, एवढंच त्यांना येतं. चहासुद्धा करता येत नाही.’

कंपनी बंद पडली. मुकुट गेले, मणी राहिले. मग वहिनी प्रार्थनाघरासाठी सणाचे मणीकामाचे पडदे करू लागल्या. दर हिवाळ्यात एक नवा पडदा. त्यातले रंगीत मणी काचेचे, पण मागची सगळी जमीन बियांची. आमच्या ओढ्याच्या काठाला एक उंच गवत उगवतं. त्याला थेंबाच्या आकाराचं राखाडी, चकचकीत बी धरतं. त्याच्या पोटातून एक बारीक काडी आरपार गेलेली असते. ती ओढून काढली की भोक तयार. देवाने आधीच भोक पाडून दिलेला मणी, असं वहिनी म्हणतात.

पण त्या मण्याची एक गोम आहे. ते बी जिवंत असतं. ओवण्याआधी ते खळखळ उकळून मारावं लागतं. मग उन्हात कडक वाळवायचं. नाहीतर किडा लागतो, ओल मिळाली तर रुजतं. उकळलेलं आणि न उकळलेलं दिसायला जवळजवळ सारखंच. हे उकळण्याचं काम दोरीभाऊंचं. ओढ्यावरून बी आणायचं त्यांनी, काड्या काढायच्या त्यांनी, उकळायचं आणि वाळवायचं त्यांनी. वहिनींनी कधी त्या पातेल्यात डोकावलं नाही.

‘झालं का हो उकळून?’

‘झालं, बाईसाहेब. पातेलं घासूनसुद्धा ठेवलं.’

‘घासलंत म्हणे! तळ बघा त्याचा.’

‘तळ तुझ्या माहेरचा आहे, तो कुणाला घासून निघणार?’

वर्षानुवर्षं हाच संवाद. मी ऐकला आहे. यंदाही ऐकला.

यंदाचा पडदा सगळ्यात मोठा होता. प्रार्थनाघराची समोरची अख्खी भिंत झाकेल एवढा. राखाडी बियांच्या आभाळात एक झाड, झाडावर काचेच्या मण्यांचे पक्षी. वहिनी बी ओवताना खूश होत्या. ‘राणीसाहेब, बघा तरी, यंदा बी काय चमकतंय! पावसाने साथ दिली.’ मीही हातात घेऊन पाहिलं. खरंच चमकत होतं.

त्याच दुपारी दोरीभाऊंनी मला शिंकेची गोष्ट सांगितली. रंगवून, हातवारे करून. ‘एक नटी होती हो आमच्या कंपनीत,’ ते म्हणाले, ‘मेल्यावर शिंकायला निघाली!’ मी खो खो हसले. मला वाटलं, म्हातारा माझी फिरकी घेतोय. वहिनी हसल्या नाहीत. सुईत दोरा ओवत राहिल्या.

सणाच्या बऱ्याच आधी पडदा नेऊन टांगला. आमच्याकडची रीत अशी, की नवा पडदा पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवायचा आणि सणाच्या सकाळी सगळ्यांसमोर उघडायचा. उघडण्याचा मान दोरीभाऊंचा. प्रार्थनाघराचे कारभारी हौशी गृहस्थ. यंदा त्यांनी वरच्या दांडीवर हिरव्या फांद्यांची दाट झालर बांधली, आणि गरमीने ती सुकू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यावर हंडाभर पाणी शिंपडलं. सगळं पाणी खाली पडद्याच्या जाड सुती अस्तरात मुरत होतं. वर पांढरं कापड, आत ऊब. कुणाच्या मनात काही आलं नाही. कसं येणार? बी तर मेलेलं होतं.

सणाची सकाळ. दारं उघडी, बागेतून फुलांचा वास, बाहेर पाखरांचा कलकलाट. माणसं नव्या कपड्यांत दाटीने बसलेली. मी पहिल्या रांगेत, वहिनी शेजारी. दोरीभाऊ इस्त्रीचा सदरा घालून दोरीपाशी. कारभाऱ्यांनी मान हलवली. दोरीभाऊंनी जुन्या सवयीने क्षणभर श्वास धरला आणि ओढलं.

पांढरं कापड घसरून खाली आलं.

पडदा हिरवा होता. राखाडी आभाळ गेलं कुठे? वरपासून खालपर्यंत कोंबच कोंब. बोटाच्या पेराएवढे, काही करंगळीएवढे, हिरवेगार, उजेडाकडे माना वळवलेले. मण्यांचे पक्षी गवतात लपल्यासारखे अर्धवट दिसत होते. एका लाल पक्ष्याच्या चोचीतूनच पातं निघालं होतं. बागेतून वारा आला आणि अख्खी भिंत हलली. रंगभूमीवर मी राजवाडे जळताना पाहिले आहेत, खोटे का असेनात. पण असं काही नाही.

मागे कुणाचं तरी पोर म्हणालं, ‘आई, भिंत उगवली!’

मग एकच गलका. कुणी हात जोडले, कुणी रडू लागलं. एक जाडजूड काकू मटकन खाली बसल्या. कारभारी दोन पावलं पुढे आले. ‘चमत्कार,’ ते पुटपुटले. मग मोठ्याने, ‘चमत्कार आहे हा!’

मी वहिनींकडे वळले. म्हटलं, आनंदाने वेडी झाली असेल बाई. वहिनींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या नवऱ्याच्या दोरीवरच्या हातांकडे.

‘बी जिवंत होतं, राणीसाहेब,’ त्या कुजबुजल्या.

‘म्हणजे?’

‘उकळलंच नाही त्यांनी.’

‘मग तुम्हाला उकळलं म्हणून खोटं—’

‘खोटं बोलले असते तर बरं झालं असतं हो. पातेलं घासून दाखवलं मला. त्यांना खरंच वाटत होतं, उकळलं म्हणून.’

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो उजेड नको होता मला. एक नटी होती हो आमच्या कंपनीत. म्हातारा फिरकी घेत नव्हता. ती नटी मी होते हे तो विसरला होता, मला समोर बसवून. मी हसले होते. आणि वहिनी हसल्या नव्हत्या, म्हणजे त्यांना काहीतरी दिसू लागलं होतं. आता त्याचा हा एवढा मोठा पुरावा, भिंतभर, सगळ्या गावासमोर.

इकडे कारभाऱ्यांना स्फुरण चढलं होतं. ‘प्रत्येकाने येऊन एकेक ओंजळ पाणी घाला! शेजारच्या गावांना निरोप धाडा! सणभर पाणी तुटता कामा नये!’ माणसं तांबे शोधायला उठली.

‘पाणी नको,’ वहिनी म्हणाल्या, पण गोंगाटात ऐकतो कोण? मला म्हणाल्या, ‘मुळं दोरा तोडतील. ओल्या पडद्याचं वजन बघा केवढं. खाली पोरं बसलीत.’

तेवढ्यात मागून एक सुतार ओरडला, ‘पण काका, बी तर उकळून घेतात ना? मग उगवलं कसं?’

‘तोच तर चमत्कार!’ कारभारी गरजले. ‘दोरीभाऊ, तुम्हीच सांगा सगळ्यांना. तुमच्या हातांनी उकळलंत ना बी?’

सगळ्या माना दोरीभाऊंकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पडद्याकडे बघितलं, हातांकडे बघितलं. तो चेहरा मी ओळखते. भर प्रवेशात वाक्य गेलेल्या नटाचा चेहरा. समोर माणसं वाट बघत असतात, आणि आत सगळं कोरं. फरक इतकाच, की नटाला विंगेतून कुणीतरी वाक्य पुरवतं.

‘मी...’ दोरीभाऊ म्हणाले. ‘पातेलं... मी पाणी ठेवलं होतं ना गं?’

वहिनी उठल्या. गुडघे धरलेले, तरी ताडकन उठल्या.

‘त्यांना काय विचारता?’ त्या म्हणाल्या. ‘उकळलेलं बी पुरलं नाही. मी यांच्या नकळत कच्चंच ओवलं.’

आवाज खणखणीत. मी राणीच्या भूमिकेत कधी इतकं खणखणीत बोलले नसेन. तांबे शोधायला निघालेली माणसं मागे वळली.

तुम्हाला वहिनी ठाऊक नाहीत, म्हणून सांगते. या बाईने माझ्या शेल्यावरचा एक उलटा बसलेला मणी काढण्यासाठी खेळाची घंटा थांबवायला लावली होती. ‘चुकलं’ हा शब्द तिच्या कामाबद्दल कुणी उच्चारला नव्हता. आणि तिने तो आपणहून उचलून डोक्यावर घेतला, तोही सणाच्या दिवशी, देवासमोर, धडधडीत खोटं बोलून.

‘वहिनी, तुम्ही?’ कारभाऱ्यांचा आवाज बसला. ‘कच्चं बी?’

‘मी. हात भरून आला होता, घाई झाली. चमत्कार वगैरे काही नाही, गवत आहे ते. पाणी घालू नका, आणि पोरांना तिथून उठवा.’

कुणीतरी ‘शी!’ म्हणालं. कुणीतरी हसलं. मटकन बसलेल्या काकू उठता उठता म्हणाल्या, ‘वय झालं बाईचं.’ मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

पण खरा धक्का अजून पुढे होता. दोरीभाऊंच्या चेहऱ्यावर रंग परत आला. खांदे सरळ झाले. इतका वेळ अडकलेला श्वास सुटला, आणि ते बायकोवर बरसले.

‘अगं, कितीदा सांगितलं तुला! उकळल्याशिवाय बी ओवायचं नाही म्हणून! मला हाक मारायची, मी आणखी उकळून दिलं असतं! एवढ्या वर्षांत मी कधी चुकलो का?’

‘नाही चुकलात,’ वहिनी खाली मान घालून म्हणाल्या. ‘माझंच चुकलं.’

‘विचारायला काय होतं?’

‘पुढच्या वेळी विचारीन.’

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. कारभारी भले माणूस. ते भिंतीकडे वळून म्हणाले, ‘चमत्कार नसेना का. हिरवं तर आहे. चला, पोरांनो, मागे सरका.’ सण त्या हिरव्या भिंतीसमोरच साजरा झाला. दुपारपर्यंत दोन चिमण्या आत शिरून कोंब ओढत होत्या, आणि त्यांना हाकलायला कुणी उठलं नाही.

सण संपल्यावर पडदा उतरवून घरी आणला. मुळं अस्तरात अशी घुसली होती की सोडवता येईनात. वहिनींनी काचेचे पक्षी तेवढे कापून घेतले आणि बाकीचा सगळा गालिचा ओढ्याकाठी नेऊन चिखलावर पसरला. ‘आलं तिथे गेलं,’ म्हणाल्या.

परवा मी त्यांच्याकडे गेले. हवा तशीच, वेल तशीच खिडकीतून आत आलेली. कारभाऱ्यांनी पुढच्या सणासाठी पुन्हा पडदा सांगितला होता, न बोलवता येऊन. पांढरी चादर रिकामी होती. वहिनी शेगडीपाशी उभ्या होत्या, ओठांत सुई नव्हती. दोरीभाऊ पातेल्यात बी ओतत होते.

मी हळूच म्हटलं, ‘वहिनी, आता हे काम तुम्ही तुमच्या हातात घ्या की.’

त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग त्या दोरीभाऊंकडे वळल्या.

‘अहो, बी तुम्हीच उकळा. मी आपली इथे उभी राहते, गप्पा मारायला. उकळी आली की मला सांगा.’