खोडलेला वाढदिवस

यांतिनाच्या चीजच्या दुकानामागे संडास आहे. त्याच्या दाराला आतून वाढदिवसांचं कॅलेंडर. आमच्या देशात ते घरोघरी तिथेच टांगतात. यांतिनाच्या कॅलेंडरवर तिच्याकडे कामाला आलेल्या अकरा मुलींची नावं आहेत. दहा जणींना तिने एकविसाव्या वाढदिवसाआधीच कायमची रजा दिली. नावं मात्र काढली नाहीत.

सोळाव्या वर्षी पूर्ण पगाराचा जेमतेम तिसरा हिस्सा द्यायचा, अठराव्याला अर्धा, एकविसाव्याला सगळा. कायदाच तसा. समोरच्या सुपरमार्केटात सगळी सोळा-सतराची पोरं. त्यांच्यासमोर टिकायचं, तर यांतिनाच्या मुली मोठ्या होऊन चालत नव्हतं.

अकरावी फ्राउके. यांतिनाचा नवरा गेला त्या हिवाळ्यात आली. गिऱ्हाईक नसलं की दोघी रेडिओवरच्या हवामानवाल्याशी भांडायच्या. वरच्या भाड्याच्या खोलीत मला ऐकू यायचं. हिला रजा द्यायचं यांतिना आज-उद्या करत राहिली.

चौदा मार्चला फ्राउकेचा एकविसावा वाढदिवस. मी कॉफीला खाली उतरलो. ज्याचा वाढदिवस, त्याने केक आणायचा. टेबलावर नुसते तीन कप.

"आज कोरडीच कॉफी?" मी विचारलं.

"आधी आपलं पोट बघा," फ्राउके म्हणाली. पण वर पाहिलं नाही.

यांतिना मागे जाऊन आली. नंतर मीही पाहिलं. कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेलं फ्राउकेचं नाव रबराने खोडलं होतं, कागद तिथे खरबरीत झाला होता.

"अगं, सरकारला तुझी जन्मतारीख ठाऊक आहे," यांतिना म्हणाली.

"सरकार काय इथे कॉफीला येतंय, बाई? विसाव्याचाच पगार द्या. मी कुठे बोलणार नाही."

"ते मला जमायचं नाही."

"मग काढून टाका."

"आठवड्यातून तीन दिवस ये. पूर्ण पगाराने."

"तीन दिवसांत खोलीचं भाडं निघत नाही."

"आणि मला सहा परवडत नाहीत." यांतिना सुरी पुसू लागली. ती पुसलेलीच होती.

महिनाअखेरीला फ्राउके गेली. यांतिनाने त्या चौकोनात तिचं नाव पुन्हा लिहिलं, या वेळी पेनने. सोळा वर्षांची मुलगी हवी, अशी पाटी मात्र लावली नाही.

दुकान आता ती एकटीच चालवते. दुपारी हवामान लागलं की खालून तिचा आवाज येतो. एक शिवी घालते. कुणी उत्तर द्यावं इतका वेळ थांबते. मग दुसरी घालते.