चौथ्या प्रांताचा संघ

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर एक आयरिश माणूस बसायचा. वय पन्नाशीचं, माझ्या बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. बाबांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला मला पहिले दोन महिने जड गेलं, मग जीभ सरावली. आम्ही दोघंही हायडेलबर्गला राहायचो. गाडी त्याच्याकडे होती, म्हणून सकाळी तो मला पुलाजवळ घ्यायचा आणि संध्याकाळी तिथेच सोडायचा. त्याला शेंगदाण्याची चटणी आवडायची. ती तो ब्रेडवर लोण्यासारखी थापून खायचा आणि मी बघत नसल्याचं दाखवायची.

या व्यवस्थेत एकच खोट होती, शुक्रवार. शुक्रवारी तीन वाजल्यापासून ऑफिस रिकामं व्हायचं. जर्मन माणूस एकदा फायरआबेंड म्हणाला की काम संपलं, मग त्याला कोणी थांबवू शकत नाही. आमचा मुक्काम मात्र हलत नसे. याच्या प्रांताच्या रग्बी संघाचा सामना बहुधा शुक्रवारी संध्याकाळी असायचा आणि गावाकडचा रेडिओ इंटरनेटवर ऐकायचा तर ऑफिसातच, कारण घरी त्याचं कनेक्शन रडतखडत चालायचं. मला बस होती. पण ती बदलत बदलत जायचा कंटाळा, म्हणून मी बसून राहायची. आळसापायी मी रग्बीची श्रोता झाले.

सामन्याआधी त्या रेडिओवर जनावरांच्या खाद्याच्या जाहिराती लागत. मग त्या दिवशी जिल्ह्यात कोण कोण वारलं त्यांची नावं, गाव आणि मातीला किती वाजता जायचं ते सांगत. तेवढा वेळ तो कॉफीचा मग खाली ठेवायचा. कधी म्हणायचा, याचा भाऊ माझ्या वर्गात होता. मग सामना सुरू व्हायचा आणि ते हरायचे. कधी थोडक्यात, कधी पार धुव्वा उडून. चेंडू हाताने मागेच का टाकायचा हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण निवेदकाच्या आवाजावरून आता आपलं काही खरं नाही हे मी बरोबर ओळखू लागले होते.

आयर्लंडचे चार प्रांत, चार संघ. तीन संघांकडे पैसा, खेळाडू, मोठी मैदानं. चौथा पश्चिमेचा, समुद्राकडून वारा येणाऱ्या मैदानावर खेळणारा. त्याच्या वाट्याला सगळ्यात कमी पैसे यायचे. एखादा पोरगा तिथे तयार झाला की बाकीच्यांपैकी कोणीतरी त्याला उचलायचं आणि मग वरचे लोक म्हणायचे, तुमच्याकडे चांगले खेळाडूच नाहीत. मी मराठवाड्याची. हे समजायला मला रग्बीचे नियम लागले नाहीत. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे याला अनुशेष म्हणतात, तो मोजायला समित्या बसतात, त्या अहवाल देतात. पुढे काय होतं, त्याने विचारलं. मी म्हटलं, पुढे नवी समिती.

त्या हिवाळ्यात बातमी आली की खर्च झेपत नाही म्हणून हा चौथा संघ बंदच करायचा विचार चालू आहे. त्या दिवशी गाडी चालवताना तो नेहमीच्या दुप्पट बोलला. स्वतः तो मोठा खेळाडू कधीच नव्हता. त्याचं दुखणं वेगळं होतं. त्याचे दोन्ही भाऊ कामासाठी बाहेर, तो बाहेर, शाळेतला अर्धा वर्ग बाहेर. "कामासाठी आम्ही सगळे गेलो," तो म्हणाला. "आता खेळायलाही जावं लागणार. मग तिथे राहायचं कोणी?" रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शतावरीची रिकामी शेतं होती.

डब्लिनला मोर्चा न्यायचा ठरला. मोर्चा रग्बी संघटनेच्या दारात जाऊन पत्र देणार होता आणि ते लिहायचं काम परदेशात बसलेल्या या गृहस्थांनी अंगावर घेतलं होतं. तीन दिवस त्याला पहिलं वाक्य सुचेना. शेवटी मीच म्हटलं, दे इकडे. या विषयात माझं घराणं मोठं. बाबा जिल्हा परिषदेत कारकून. आमच्या वस्तीची नळाची, दिव्याची, विहाराच्या जागेची सगळी निवेदनं त्यांनी लिहिलेली आणि त्यांचं अक्षर खराब म्हणून नववीपासून ती मी सुवाच्य करायची. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, मग एक-दोन-तीन करून मागण्या. मी जेवणाच्या सुट्टीत इंग्रजीत बसवून दिलं. खाली कोणाकोणाला माहितीसाठी प्रती द्यायच्या तेही लिहिलं, पंतप्रधानांसकट. त्याला बजावलं, दोन प्रती ने आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय दारातून हलू नकोस.

त्याने ते वरवर वाचलं, खूश झाला आणि तसंच संघाच्या पाठीराख्यांच्या मंडळाला पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या चिटणीस बाईंचा ऑफिसात फोन आला. तो आधी हसत बोलत होता. मग उठून दार लावून आला. मग नुसतं हो, नाही, हो. फोन ठेवल्यावर त्याने माझ्या पत्राची छापील प्रत काढली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल आणि होणाऱ्या परिणामांची संपूर्ण जबाबदारी प्रशासनाची राहील.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, काय म्हणजे, शेवट आहे. असाच असतो.

"बॉम्ब-गोळीबाराच्या त्या वर्षांत आमच्या बेटावर असं पत्र आलं, की घरातली माणसं खिडकीपासून लांब झोपायची."

मी त्याला समजावत बसले, की आमच्याकडे गल्लीतला दिवा गेला तरी हीच ओळ लिहितात, लिहिणाऱ्याच्या मनात काही नसतं आणि ज्याला पत्र मिळतं तो तिथपर्यंत वाचत नाही. तो हसायला लागला तो डोळे पुसेपर्यंत हसला. मंडळात मात्र कोणी हसलं नव्हतं. पत्र द्यायला जाणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव काढायची गोष्ट निघाली होती. त्याने पुन्हा फोन लावला, माझ्या सहकारी बाई मराठवाड्याच्या आहेत असं काहीतरी सांगितलं, ती ओळ खोडली आणि नाव कसंबसं यादीत राहिलं. मला दोन दिवस त्याच्याकडे बघायची लाज वाटत होती.

तो दोन दिवसांची सुट्टी टाकून गेला. परत आला तेव्हा घसा बसलेला. हजारभर तरी लोक होते म्हणाला, बँड होता, गावागावांतून बस आल्या होत्या, दुसऱ्या प्रांतांचे लोकही त्यांचे टी-शर्ट घालून आले होते. पत्र आत घेतलं. काही आठवड्यांनी कळलं, संघ बंद होणार नाही. पैसे वाढले नव्हते, खेळाडूही तेच राहणार होते. फक्त बंद होणार नव्हता. त्याने मजल्यावरच्या सगळ्यांना केक आणला आणि काय झालंय ते जर्मनांना समजावून सांगितलं. ते गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत केक खात राहिले.

मी अभिनंदन केलं, केकही खाल्ला. पण मला आनंद झाला नव्हता. खरं सांगायचं तर राग आला होता. दर शुक्रवारी हरणारा एक संघ, त्याच्यासाठी एक मोर्चा, एक पत्र, आणि काम झालं.

त्या शुक्रवारी ते पुन्हा हरले, तेही सपाटून. तो इतका मजेत होता की सामना संपल्यावरही रेडिओ बंद करेना. मग सहज म्हणाला, तुझ्या वडिलांनी एवढं लिहिलं, त्यात सगळ्यात मोठं काय वाचवलं त्यांनी?

मी म्हटलं, वाचवता आलं नाही ते सांगते. आमच्या वस्तीला लागून खेड्यातल्या मुलींचं एक वसतिगृह होतं. मी अकरावीत असताना ते संख्या कमी म्हणून बंद करायचं ठरलं. बाबांनी निवेदन दिलं, तहसीलवर मोर्चा नेला. चाळीसेक माणसं होती. दोन महिन्यांनी कुलूप लागलं. माझ्या बाकावर बसणारी मुलगी तिथे राहायची. तिला गणित माझ्यापेक्षा चांगलं यायचं, पुष्कळदा मी तिचंच बघून लिहायची. ती गावी परत गेली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, चाळीसच का, एवढी मोठी वस्ती असून? दिवस कामाचा होता, मी म्हटलं, लोकांचा रोज बुडतो. हेही खरं होतं.

"तू कुठे चालत होतीस? पुढे, वडिलांबरोबर?"

इथे काहीही सांगता आलं असतं. तो काही विचारायला परभणीला जाणार नव्हता. पण हा माणूस एका हरणाऱ्या संघासाठी विमानाने गेला होता, आणि तहसील आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होती.

"मी गेले नव्हते," मी म्हटलं. "माझा गणिताचा क्लास होता."