रविवारचे भाव

माझ्या शेअरचा हिशेब अजूनही कॉम्प्युटरवरच्या त्या जुन्याच प्रोग्राममध्ये आहे. शेगावला राहणारा मित्र आणि मी, दोघांनी मिळून अकोल्याहून त्याच्या सीड्या आणल्या होत्या. पुढे तो बनवणारी कंपनी बंद पडली, आपोआप येणारे भाव थांबले आणि ते हातानं भरायची वेळ आली. भाव छापणारा पेपर आमच्या डोणगावात येत नसे. शेगावला स्टेशनवर मिळे. मग दर रविवारी मित्र फोनवर भाव वाचू लागला आणि मी इकडे टाइप करू लागलो. तो नागपूरला मुलीकडे राहायला गेला, तरी हे चालूच राहिलं.

दहा मिनिटांच्या कामाला आम्हाला तास लागायचा. दोन भावांच्या मध्ये त्याचे गुडघे, माझी शुगर, गावात कोण गेलं, सगळं यायचं. बायको गेल्यापासून माझ्याशी एवढं सलग बोलणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

दिवाळीला मुलगा आला. त्यानं सगळा हिशेब मोबाईलमध्ये घालून दिला आणि म्हणाला, "बाबा, ते डबडं आता भंगारात द्या." मी हुरळून गेलो. रविवारी मित्राचा फोन येताच सांगून टाकलं, "आता भाव सांगू नको बे. मले मोबाईलमधीच दिसून राह्यले."

"बरं झालं. सुटलो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला राग आला. एवढी जुनी दोस्ती, आणि नुसतं कसं आहेस विचारायला याला जड जातं? पण मग मी तरी कुठे केला होता? कामाशिवाय फोन करणं आम्हा दोघांनाही कधी जमलं नाही. मोबाईलवर सगळे भाव अचूक दिसत होते आणि घर खायला उठत होतं.

शेवटी एका रविवारी कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढला, तो घरघरत चालू होईपर्यंत थांबलो आणि मीच फोन लावला.

"मोबाईलचं काही खरं नाही बे. तूच सांग भाव."

"थांब, चष्मा घेतो."

तेवढ्यात मागून त्याच्या मुलीचा आवाज आला, "बाबा, पुन्हा भाव? तुमच्याजवळ एक तरी शेअर राह्यला का? मायच्या आजारपणात सारेच विकले न तुम्ही!"

त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेअर विकल्याचं तो मला कधी बोलला नव्हता. तिकडे तो खाकरला.

"लिहून राह्यला न बे? घे."

"हाव," मी म्हणालो. "पण हळू सांग."