कुंकवाचं बोट

काल लेकीनं लॅपटॉपला झेंडू वाहिला आणि त्या वासानं मला नारायणगावच्या कारखान्याच्या शेडमधली खंडेनवमी आठवली.

कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रासाठी आम्ही तांब्याच्या चौकोनी नळ्या बनवायचो. त्यांतून मायक्रोवेव्हची शक्ती जायची, म्हणून आत बोटाचा ठसासुद्धा चालायचा नाही, ठिणगी पडायची. त्या दिवशी चाचणीसाठी धुऊन ठेवलेल्या दोन नळ्या टेबलावर होत्या, एक माझी, एक घाटघरच्या सुषमाची. लेथवरचे रामभाऊ प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावत आले. माझी नळी सोडून त्यांनी सुषमाच्या नळीच्या तोंडाला बोट लावलं.

"लई देखणी झालीय, पोरी," ते म्हणाले.

माझा नुसता जळफळाट झाला.

कुंकू आत सांडलं होतं. सुषमा रडकुंडीला आली. तिची नळी पुन्हा धुवायला गेली, म्हणून माझी आधी चाचणीला लागली आणि एकही ठिणगी न पडता पास झाली. सगळ्यांनी पेढे खाल्ले, सुषमानंसुद्धा.

माझी ती नळी आजही कुठल्याशा प्रयोगशाळेत चालतेय. पण मला अजून वाटतं, माझी नळी वाया गेली असती तरी चाललं असतं, ते बोट तिला लागायला हवं होतं.