न पाहिलेलं स्वित्झर्लंड

अमेरिकेतल्या हर्नडनच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा हा नागपूरचा माणूस बोलण्याआधी एक सुस्कारा टाकतो. जेवताना त्याचा विषय एकच, स्वित्झर्लंड. लुसर्नला दोन दिवस पुरतात, बर्न पायीच फिरावं, झरमॅटला मोटारींना बंदी आहे, सगळं त्याला पाठ. ऐकून ऐकून मी थकलो होतो. स्वतः तो कधीच गेलेला नव्हता.

सहा वर्षांत तो घरीही गेला नव्हता. एकदा बाहेर पडलं की परतायचा व्हिसा मिळेल याची खात्री नाही, आणि आईवडिलांना इकडच्या व्हिसाची अपॉइंटमेंट मिळत नाही. यंदा त्याने हिंमत केली. त्यांनी नागपूरहून निघायचं, याने इथून, आणि तिघांनी आठ दिवस स्वित्झर्लंडमध्ये फिरायचं. निघायला चार दिवस असताना त्याचा व्हिसाचा वकील म्हणाला, सध्या देशाबाहेर जाऊ नका.

"माझं कॅन्सल केलं यार," तो मला म्हणाला. "त्यांचं नाही केलं. त्यांनी तरी बघावं."

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्याचा व्हिडिओ कॉल चालू होता. "बाबा, बारा नंबरचा प्लॅटफॉर्म. उजव्या बाजूला बसा, तळी तिकडून दिसतात."

गाडी सुटली. आईने हौसेने फोन खिडकीकडे धरला. हिरवंनिळं पाणी, मागे डोंगर. मीही वाकून बघू लागलो.

"आई, ते राहू दे," तो म्हणाला. "फोन तुझ्याकडे वळव जरा."