कन्नड बेजार

वीरभद्रप्पाच्या गावात मराठी राहायची शाळेच्या फळ्यावर आणि कन्नड राहायची घरात, दुकानात, भांडणात आणि देवासमोर. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं ते गाव. वडील महादेवप्पा भुसाराचं दुकान चालवायचे. आई गंगम्मा दुपारची ओट्यावर तूर निवडत बसायची आणि रस्त्यानं जाईल त्याला, मग तो तलाठी असो की बांगडीवाला, एकच प्रश्न विचारायची, "ऊटा आत?" म्हणजे जेवण झालं का. उत्तराची वाट बघत ती थांबत नसे. तू आमचा आहेस एवढं माणसाला कळलं की तिचं काम झालं.

अशा घरातला हा मुलगा एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये सोलापूरला कॉलेजात दाखल झाला. अंगात नवा पांढरा शर्ट, शर्टाच्या आत गळ्यात लिंग, कपाळावर विभूती आणि सोबत लोखंडी ट्रंक. गावानं त्याला एस.टी.त बसवलं ते जणू तो डॉक्टर होऊन संध्याकाळच्या गाडीनं परतच येणार होता. पहिल्या आठवड्यात वर्गात सरांनी त्याला पुस्तक कुठंय म्हणून विचारलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझी पुस्तक खोलीवर राहिला." वर्ग असा हसला की बाहेरचा माळी खिडकीत येऊन बघून गेला. वीरभद्रप्पानं त्या दिवशी कानाला खडा लावला. कन्नडात पुस्तक, पंखा, पेन्सिल सगळ्या निर्जीव वस्तू एकाच पंगतीत बसतात. मराठीत कोण तो, कोण ती आणि कोण ते, हे ज्यानं ठरवलं त्याला गाठून जाब विचारावा असं त्याला फार वाटायचं, पण त्यासाठीही मराठीच बोलावं लागणार होतं. म्हणून तो गप्प झाला.

वसतिगृहात त्याच्या खोलीत होता सांगोल्याकडचा ज्ञानू. घरी मेंढरं, बाप मेंढरांमागे, आणि हा घरातला पहिला कॉलेजवाला. ज्ञानू गप्प बसायचा तो फक्त दोनदा, झोपेत आणि वीरभद्रप्पाची सकाळची लिंगपूजा चाललेली असताना. बाकी सगळा वेळ तो बोलायचा. बहात्तरच्या दुष्काळात मेलेल्या मेंढरांची नावं त्याला तोंडपाठ होती आणि एकेकाच्या खोडी तो अशा सांगायचा की ऐकणाऱ्याला हसावं की हळहळावं कळू नये. गंगम्मा दर सोमवारी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर डबा पाठवायची, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. डबा आणायला ज्ञानूच पळायचा आणि त्यातला निम्मा हक्कानं खायचा. वीरभद्रप्पाला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर ज्ञानू भाकरी मोडून कडाकड खायला लागला की त्यालाही दोन घास जायचे.

एरवी जात नसत. साडेतीनला गिरणीचा भोंगा झाला की वीरभद्रप्पाच्या पोटात खड्डा पडायचा. त्या वेळेला आई ओट्यावर येते, हे त्याला कॅलेंडर न बघता, घड्याळ न बघता कळायचं. पुस्तक उघडं राहायचं आणि अक्षरं नुसती बसून राहायची. असा जून गेला, जुलै गेला. अंगात ताप नव्हता, कुणाशी भांडण नव्हतं, आणि तरीही रोज सकाळी ट्रंक उचलून स्टँडवर जावंसं वाटायचं.

त्याच वर्षी कॉलेजनं 'विद्यार्थी सल्ला केंद्र' काढलं होतं. जागा नव्हती म्हणून खेळाच्या सामानाची खोली अर्धी रिकामी करून तिथं टेबल टाकलं. मानसशास्त्राच्या बाई नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या, वयानं तरुण, मनानं चांगल्या आणि उत्साह इतका की दारावरची पाटी त्यांनी स्वतः रंगवली. मुलांनी तिसऱ्याच दिवशी त्या खोलीला 'येड्यांची खोली' असं नाव ठेवलं. तरीही मुलं जात होती, फक्त हातात बॅडमिंटनची रॅकेट घेऊन. कुणी पाहिलंच तर रॅकेट परत करायला आलो म्हणायला मोकळे. त्या टर्ममध्ये कॉलेजात खेळाडू एकदम वाढले आणि मैदान मात्र रिकामंच राहिलं.

वीरभद्रप्पाही एका बुधवारी रॅकेट घेऊन गेला. बाई तासावर होत्या. टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा होता आणि भरलेला कागद पेटीत टाकावा अशी सूचना होती. नाव-वर्गाखाली पहिला प्रश्न होता, अडचण थोडक्यात लिहा. त्यानं बराच वेळ विचार केला आणि मनात होता तोच शब्द लिहिला, 'मी बेजार आहे.' दुसरा प्रश्न होता, ही अडचण कुठे जाणवते. त्यानं लिहिलं, 'खोलीवर. ज्ञानू असतो.' पुढं त्याला 'म्हणून निभतं' असं लिहायचं होतं. पण छापखान्यानं ओळ आखडती घेतली होती. ती संपली आणि कागदाबाहेर लिहायची त्याला सवय नव्हती.

बाईंनी कागद वाचला आणि त्याचा अर्थ लावला. मुलगा बेजार आहे, खोलीवर आहे, आणि खोलीवर ज्ञानू असतो. नव्या मुलांचा छळ होतो हे त्या पुण्यात पाहून आल्या होत्या. त्यांनी वीरभद्रप्पाला बोलावून घेतलं, दार लावलं आणि हळुवारपणे विचारलं की तुला कोण बेजार करतं. तो म्हणाला, कोणी नाही. त्या म्हणाल्या, घाबरू नकोस. तो म्हणाला, घाबरत नाही. ज्ञानू काही करतो का? तो म्हणाला, ज्ञानू चांगला आहे. तो जितका नाही म्हणे तितकी बाईंची खात्री पटत गेली, कारण घाबरलेली मुलं असंच बोलतात हे त्यांच्या पुस्तकात अगदी ठळक अक्षरांत होतं. त्या तडक रेक्टरांकडे गेल्या. रेक्टरांना शिस्त लावायला निमित्त हवंच असे. संध्याकाळी ज्ञानूच्या हातात नोटीस पडली की शनिवारी प्राचार्यांसमोर हजर व्हावं आणि सामान बांधून यावं.

ज्ञानूनं नोटीस दोनदा वाचली. वसतिगृह सुटलं की त्याचं कॉलेजही सुटणार होतं. शहरात त्याचं होतं कोण? पेठेत लांबचे एक मामा, आणि त्यांच्या खोलीत आधीच सातजण. त्यानं वळकटी खाली ओढली आणि दोरी शोधायला लागला. वीरभद्रप्पा नुसता उभा होता. शेवटी ज्ञानूनं वर न बघता विचारलं,

"मी काय केलं रं तुला?"

मराठीत कुठून सुरुवात करायची हेच वीरभद्रप्पाला सुचेना. त्याला स्वतःचा इतका राग आला की तो तसाच चपला न घालता बाहेर पडला.

कॉलेजच्या बागेत शिपाई चनबसप्पा झाडांना पाणी घालत होता. तीस वर्षं नोकरी झालेला, खाकी टोपी मागं सरकवलेला माणूस. पोराच्या कपाळावरची विभूती त्यानं पाहिली, उघडे पाय पाहिले आणि झारी खाली न ठेवता सहज विचारलं, "ऊटा आतेनप्पा?"

दोन महिन्यांत वीरभद्रप्पाला हे कुणी विचारलं नव्हतं. तो तिथंच कट्ट्यावर बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. मग साठलेलं सगळं कन्नडात धबाधबा बाहेर आलं, पुस्तक, भोंगा, कागद, नोटीस, ज्ञानूची वळकटी. चनबसप्पानं ऐकता ऐकता दोन कुंड्या तुडुंब भरून वाहवल्या. बेजार हा शब्द आला तेव्हा मात्र तो थांबला आणि मोठ्यानं हसला. त्याचं म्हणणं असं पडलं की पोरा, तू लिहिलास तो आपला बेजार आणि बाईंनी वाचला तो त्यांचा. साहेबांसमोर हे तुलाच सांगावं लागेल. मी सांगितलं तर म्हणतील शिपायाला काय कळतं. वीरभद्रप्पा म्हणाला, माझं मराठी चुकतं, सगळे हसतील. चनबसप्पा म्हणाला, हसू दे, हसणाऱ्याचं घर जात नाही, ज्ञानूचं जाईल.

शनिवारी प्राचार्यांच्या खोलीत प्राचार्य होते, रेक्टर होते, बाई होत्या आणि कोपऱ्यात वळकटीसकट ज्ञानू होता. रेक्टरांनी आधीच सुरुवात केली. म्हणाले, हा मुलगा लिंगायत, आणि हा ज्ञानू दर रविवारी मामाकडे जाऊन मटण खातो, त्यावरून काही त्रास होत असणार. सगळ्यांनी वीरभद्रप्पाकडे पाहिलं.

"मटण खातो, सर," तो म्हणाला. "पण खाली नळावर आंघोळ करून खोलीत येतो. पावसात पण. मी सांगितला नव्हता. तो स्वतः करतो."

प्राचार्यांनी चष्मा काढला. मग तू बेजार का लिहिलंस, असं त्यांनी विचारलं. वीरभद्रप्पानं एकदा दाराकडे पाहिलं. चनबसप्पा चहाचा ट्रे घेऊन उभा होता आणि चहा निवत होता तरी हलत नव्हता.

"सर, मराठी बेजारात करणारा एक माणूस असतो. कन्नड बेजारात कोणी नसतो. नुसती बेजार असतो. दुपारी येतो. घर आठवतो, काही गोड लागत नाही, कारण सापडत नाही. ज्ञानू खोलीत असला की कमी होते. ते लिहायचा होता, पण ओळ संपली."

एका दमात त्यानं मराठीतली सगळी लिंगं धुडकावून लावली होती. हसलं कुणीच नाही. चनबसप्पानं ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "खरं बोलायलंय पोरगं. आमच्यात 'बेजार आगेद' म्हंजे मन उतरलंय. साहेब, तुमी नवीन आलता तवा रोज दुपारी खिडकीशी हुबं ऱ्हायचा की. मी घरी सांगितलो, साहेबास्नी बेजार हाय म्हणून."

प्राचार्य खानदेशातले होते आणि त्यांचं बिऱ्हाड पहिलं वर्षभर तिकडेच होतं. ते चहाच्या कपाकडे बघत राहिले. मग त्यांनी नोटीस मागून घेतली, उभी फाडली आणि रेक्टरांना सांगितलं की वळकटी वर पोहोचवायला कुणाला तरी पाठवा. बाईंचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी ज्ञानूची माफी मागितली, अगदी सगळ्यांदेखत, आणि हे करायला मोठं मन लागतं. मग वही काढून त्यांनी शब्द लिहून घेतला. म्हणाल्या, दोन वर्षं मी इंग्रजीतून हाच शब्द शोधत होते.

जिन्यात ज्ञानूनं विचारलं की ओळ संपली म्हंजे काय, पुढं काय लिहिणार होतास. वीरभद्रप्पानं लाजत सांगितलं. ज्ञानूनं उत्तरादाखल सोमवारच्या डब्यातला अर्ध्याहून जास्त वाटा खाल्ला आणि सगळं पूर्वपदावर आलं.

पुढं दर बुधवारी वीरभद्रप्पा बाईंकडे जायला लागला. बाईंनी त्याला उपदेश केला नाही. साडेतीनला घरी काय काय होतं हे त्यांनी त्याला तपशिलानं सांगायला लावलं आणि स्वतः नीट ऐकलं. भोंगा झाला की खोलीत एकट्यानं बसायचं नाही, एवढं एकच काम दिलं. म्हणून त्या वेळेला तो चनबसप्पाच्या हाताखाली झाडांना पाणी घालायचा आणि कन्नडात पोटभर बोलायचा. दिवाळीपर्यंत खड्डा बुजला असं नाही, पण त्यात पडायचं कमी झालं. बाईही चार कन्नड वाक्यं शिकल्या आणि आल्यागेल्याला 'ऊटा आत?' विचारू लागल्या. त्यांचा उच्चार इतका पुणेरी होता की मुलं तो ऐकायलाच जात. वर्गात वीरभद्रप्पा बोलायला लागला, चुकायचा, आणि हसणाऱ्यांबरोबर हसायचा. खोलीवर ज्ञानूनं नवी रीत पाडली होती. वीरभद्रप्पाचं तोंड उतरलेलं दिसलं की तो हवालदारासारखा विचारायचा, "कुठला बेजार? मराठी का कन्नड? मराठी आसंल तर नाव सांग, बघून घेतो."

दुसऱ्या वर्षाच्या श्रावणात एक रविवार आला आणि ज्ञानू मामाकडे गेला नाही. श्रावण आहे म्हणून असेल, असं वीरभद्रप्पाला वाटलं. पण ज्ञानू बोलतही नव्हता. सोमवारचा डबा आणायला तो उठला नाही. वीरभद्रप्पानं स्वतः जाऊन आणला, समोर उघडला, भाकरी मोडून ठेवली, तरी ज्ञानूनं हात लावला नाही. घरी सगळं बरं आहे का? व्हय. पेपर वाईट गेले का? न्हाय. कुणी काही बोललं का? कोण बोलतंय मला. वीरभद्रप्पाचे प्रश्न संपले. मग तो त्याच्या खाटेवर शेजारी जाऊन बसला आणि गप्प राहिला, कारण गप्प राहणं हे त्याला चांगलं जमायचं. बऱ्याच वेळानं ज्ञानू जमिनीकडे बघत म्हणाला,

"कन्नड हाय."

वीरभद्रप्पानं सवयीनं कोपऱ्यातली रॅकेट उचलली. ती हातात घेऊन तो जरा वेळ उभा राहिला आणि परत कोपऱ्यात ठेवली. दोघं भर दुपारी मोकळ्या हातांनी मैदान ओलांडून गेले. व्हरांड्यातून कुणी तरी 'येड्यांची खोली' म्हणून ओरडलं. वीरभद्रप्पानं वळून त्याला विचारलं, तुझी जेवण झाला का?

दाराशी स्टुलावर चनबसप्पा होता. बाई आत कुणाशी तरी बोलत होत्या, म्हणून त्यानं कागद दिला. ज्ञानूनं तो वीरभद्रप्पाच्या पाठीवर ठेवला आणि लिहायला लागला. पेन्सिल शर्टातून टोचत होती. नव्या नमुन्यात बाईंनी ओळी वाढवून घेतल्या होत्या, त्यामुळे वेळ लागला. लिहून झाल्यावर वीरभद्रप्पानं कागद हातात घेतला. ज्ञानूच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'मी कन्नड बेजार आहे. खोलीवर. वीरभद्रा असतो, म्हणून निभतं.'