न सांगता समजणारी भाषा

“सांगायला कशाला लागतं?” असं म्हणत सर मंडईतल्या ठरलेल्या भाजीवालीपुढे नुसती पिशवी धरत. ती मेथी, आलं, लिंबं टाकत जाई. खराडीच्या आमच्या ऑफिसात ते कॅन्टीनकडे बघून एक बोट वर करत आणि बिनसाखरेचा चहा येई.

तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल. आमच्या सरांनी मात्र या सवयीची भाषाच केली होती. आम्ही रक्ततपासणीच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करायचो. त्यासाठी सरांनी स्वतः एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा बनवली होती. तिचा लाडका नियम असा, की नाव दिलं नाही तर त्या क्षणी जे हातात आहे तेच धरायचं. हातात पेशंट असेल, तर नुसतं ‘छाप’ लिहिलं की त्याचं नाव छापलं जाई.

मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. प्रत्येक ठिकाणी नाव लिहायचो. सर चष्म्यावरून बघत. “अहो, घरी आईला हाक मारताना आडनाव आणि गावही सांगता काय?”

मग मीही नावं गाळू लागलो.

नोकरी पक्की व्हायला दोन आठवडे होते. प्रत्येक पेशंटच्या प्रत्येक तपासणीसाठी बाटलीवरची चिठ्ठी छापायची होती. मी नुसतं ‘छाप’ लिहिलं. पण पेशंटच्या एकेका तपासणीकडे वळताच हातातला पेशंट सुटून तिथे तपासणी आली होती. सकाळी बाटल्यांवर नावांच्या जागी ‘थायरॉइड’, ‘साखर’. उपाशीपोटी आलेल्या चाळीस जणांचं रक्त पुन्हा घ्यावं लागलं.

“कोड कोणी लिहिला?” मॅनेजरनी विचारलं. मी उभा राहिलो. आता गावी काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

“बसा हो तुम्ही,” सर मला म्हणाले. मग मॅनेजरकडे वळून, “चूक भाषेची आहे. म्हणजे माझी. एका कामात दुसरं काम आलं की हातात काय आहे ते लिहिणाऱ्याला दिसत नाही. मला हे इतक्या वर्षांत सुचलं नाही, यांना सहा महिन्यांत कसं सुचावं?”

त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या लाडक्या नियमाला मुरड घातली. कामात काम आलं, की नाव दिल्याशिवाय भाषा पुढे जाईना.

नोकरी पक्की झाली. पेढे घेऊन गेलो, पण आभार कसे मानायचे ते कळेना. त्यांनी एक उचलला. “राहू द्या. सांगायला कशाला लागतं?”

गेल्या वर्षी सर गेले. धायरीला त्यांच्या घरी जाऊन आलो. आभार तिथेही राहूनच गेले.

काल घाईत मी पुन्हा नाव गाळलं. काम थांबलं आणि सरांनी तेव्हा लिहिलेली ओळ पडद्यावर आली : “अहो, कोणाचं? नाव सांगा.”

ती ओळ इंग्रजीत करा, असं वरून दोनदा सांगून झालंय. मी अजून केलेली नाही.